‘दूरची ओढ’, प्लॉट क्रमांक चौदा

ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी विटेन शहरातले निवृत्त भूमापन अधिकारी श्री. फोल्कमार ड्रेविट्झ सपत्नीक मोटरहोमच्या वार्षिक प्रदर्शनाला निघाले. सोबत एक थर्मास, सहा उकडलेली अंडी, बटाट्याच्या सॅलडचा डबा, घरात घालायच्या सपातांचे दोन जोड आणि पाच मीटरची पोलादी टेप एवढं सामान होतं. प्रदर्शनाला जाण्याचं हे त्यांचं एकोणिसावं वर्ष. आधीच्या अठरा वर्षांत त्यांनी तिथून माहितीपत्रकांच्या अठरा गच्च पिशव्या आणल्या होत्या आणि वर्षवार, कंपनीवार फायलींत लावून तळघरात ठेवल्या होत्या. गाडी तेवढी आणायची राहिली होती.

राहण्याला कारणं होती. पहिल्या वर्षी पलंग चार सेंटिमीटर आखूड निघाला. दुसऱ्या वर्षी पलंग बरोबर होता, पण गॅसच्या टाकीचं झाकण उजवीकडे उघडत होतं. तिसऱ्या वर्षी झाकण डावीकडे आलं, तोवर पुढच्या वर्षी नवीन मॉडेल येणार असल्याची कुणकुण लागली. आणि नवीन मॉडेल येणार असताना जुनं घेणं हा शुद्ध वेडेपणा, एवढं कुणालाही कळतं. नवीन मॉडेल दर वर्षीच येत होतं.

हायड्रूनला, म्हणजे त्यांच्या पत्नीला, झाकणाशी काही देणंघेणं नव्हतं. तिला एक चित्र हवं होतं. पहिल्याच वर्षीच्या एका माहितीपत्रकावर ते होतं. मोटरहोमच्या पलंगावर उशीला टेकून एक बाई बसली आहे, मागची दोन्ही दारं सताड उघडी आहेत, तिच्या पायांपलीकडे समुद्र आहे आणि हातात कॉफीचा मग. बस्स, एवढंच. बाई कुणाची वाट पाहत नाही आणि बाईला कुणी हाक मारत नाही. हायड्रूननं ते पान फायलीतून गुपचूप काढून स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. तेव्हा ती पंचेचाळीस वर्षांची होती. आता त्रेसष्टची. चित्रातली बाई आहे तेवढीच राहिली होती.

मोटारीचा पट्टा लावता लावता तिनं सांगून टाकलं.

“फोल्कमार, आज सही झाल्याशिवाय मी त्या हॉलमधून बाहेर पडणार नाही. तिथंच बसून राहीन.”

“अगं, असं धमक्या देऊन गाडी घेतात का?”

“अठरा वर्षं झाली.”

“तेच म्हणतोय मी. अठरा वर्षांचा अभ्यास एका दिवसात पाण्यात घालायचा?”

 सपातांची पिशवी मांडीवर घेऊन समोर बघत राहिली. ती अशी गप्प बसली की फोल्कमारला टेपचं बटण उगाच दाबत राहायची सवय होती. हमरस्त्यावर वळेपर्यंत टेप चार वेळा बाहेर आली आणि चार वेळा आत गेली.

फोल्कमार माणूस वाईट नव्हता. त्याचं दुःख वेगळं होतं. एका तलावाकाठच्या कायमच्या कॅम्पिंग-तळावर या जोडप्याची जुनी कॅराव्हॅन बावीस वर्षं उभी होती. उभी म्हणजे अक्षरशः उभी. चाकं काढून गॅरेजमध्ये ठेवली होती आणि भोवती गुडघ्याएवढं कुंपण होतं. त्या तळाच्या मंडळाचा फोल्कमार चौदा वर्षं उपाध्यक्ष. दोन गाड्यांमध्ये तीन मीटर अंतर आहे की नाही हे पाहणं, दुपारी एक ते तीन शांतता राखणं आणि कुंपणांची उंची तपासणं ही कामं त्यानं जिवापाड केली. मग तळाच्या मालकानं ती जागा बंगलेवाल्यांना विकली, मंडळ बरखास्त झालं आणि फोल्कमार घरी बसला. तेव्हापासून तो दुपारी एक वाजता स्वतःच्याच बैठकीच्या खोलीत रेडिओ बंद करायचा आणि कुणीतरी तो चालू करील म्हणून दबा धरून बसायचा. कुणी करत नसे. त्याला अगदी ओकंओकं वाटायचं.

प्रदर्शनाच्या बाहेरच्या मैदानात हजारो मोटरहोम उभी होती. आपण घेतलेली गाडी वर्षभरात किती जुनी झाली हे समजून घ्यायला लोक त्याच गाडीतून शेकडो किलोमीटर आले होते. हायड्रून आणि फोल्कमार त्यांच्यामधून वाट काढत सातव्या हॉलमध्ये पोचले आणि तिथं, चौदा क्रमांकाच्या पाटीमागे, करड्या कार्पेटवर ती गाडी उभी होती. तिचं नाव होतं ‘दूरची ओढ ७१०’.

फोल्कमारनं सपाता घातल्या आणि टेप काढली. पलंग एक मीटर अठ्ठ्याण्णव. बरोबर. गॅसचं झाकण डावीकडे. बरोबर. फ्रीजचं दार उघडल्यावर न्हाणीघराच्या दाराला लागत नव्हतं. मागची दोन्ही दारं सताड उघडत होती. त्यानं पाऊण तास मापं घेतली, दोनदा पालथा पडून गाडीच्या खाली पाहिलं, आणि उठला तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

“काय झालं?” हायड्रूननं विचारलं.

“काहीच चूक नाही,” तो हताशपणे म्हणाला.

विक्रेता ल्यूडर्स चाळिशीचा, तरतरीत, निळ्या टायमधला माणूस होता. खिशातून पेन काढत तो पुढे आला.  फोल्कमारनं हात वर केला.

“पण राहून कसं वाटतं, ते कुठं कळलंय? गाडी मोजून कळते. घर राहून कळतं. आम्ही जरा बसून बघतो.”

“बसा की,” ल्यूडर्स म्हणाला. हे दोन शब्द पुढे त्याला फार महागात पडणार होते.

ते टेबलाशी बसले. अकरा वाजले होते. फोल्कमारनं अंडी सोलली, थर्मास उघडला आणि सॅलडचा डबा मधोमध ठेवला. कार्पेटच्या पट्ट्यापलीकडे, पंधरा क्रमांकाच्या गाडीतही एक जोडपं टेबलाशी बसून सॉसेज खात होतं. ते हाम शहरातले निवृत्त मुख्याध्यापक ऑटफ्रीड निपकाम्प आणि त्यांची पत्नी गेझिना. दोन्ही पुरुषांनी खिडकीतून एकमेकांकडे पाहून मान हलवली. ही मान हलवण्याची पद्धत फक्त तळावर बावीस वर्षं काढलेल्या माणसालाच येते. तिचा अर्थ, मी तुमच्याकडे लक्ष ठेवून आहे.

गाडी पाहायला लोक येत होते. दारात बूट घालून कुणी पाय ठेवला की फोल्कमार अंड्यावरून नजर न हलवता म्हणायचा, “पादत्राणं.” लोक ताबडतोब मागे सरायचे. आपल्याकडे खुर्चीत बसून, सपाता घालून, कुणाकडे न पाहता बोलणारा माणूस अधिकारी असतो हे सगळ्यांना माहीत आहे. अर्ध्या तासात लोक त्यालाच विचारू लागले की आत येऊ का. तो बहुतेकांना नको म्हणाला.

मग एक वाजला.

ल्यूडर्स बाहेर माइक हातात घेऊन कापडी छपराचं प्रात्यक्षिक दाखवत होता. फोल्कमारनं खिडकी उघडली.

“अहो! दुपारची शांतता!”

“काय म्हणालात?”

“एक वाजून दोन मिनिटं झाली. तीनपर्यंत शांतता असते.”

“पण हे प्रदर्शन आहे. हॉलच्या नियमांत असं काही लिहिलेलं नाही.”

“नाही ना लिहिलेलं? मग जिथं लिहिलेलं नाही तिथं सर्वमान्य प्रथा लागू होते.”

“बरोबर आहे त्यांचं,” समोरच्या खिडकीतून निपकाम्प म्हणाले. “मुलं झोपलेली असतात.”

“इथं मुलं कुठं आहेत?” ल्यूडर्सनं विचारलं.

“आहेत की नाहीत हा मुद्दाच नाही,” निपकाम्प म्हणाले. “असती तर झोपली असती.”

ल्यूडर्सनं इकडेतिकडे पाहिलं. भोवती शंभरेक माणसं होती आणि एकही त्याच्या बाजूनं बोलेना. उलट मागून कुणीतरी “शूऽऽ” केलं. माइक बंद झाला. शेजारच्या रांगेतलं संगीत थांबलं. दहा मिनिटांत सातवा हॉल असा शांत झाला की कॉफीच्या यंत्राचा सुस्कारा दुसऱ्या टोकापर्यंत ऐकू जाऊ लागला. विक्रेते कानात कुजबुजून दर सांगायला लागले. फोल्कमारनं डोळे मिटले. त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते हायड्रूननं लग्नाच्या दिवशीही पाहिलं नव्हतं.

“छान वाटतंय ना राहून?” ती हळूच म्हणाली. “मग करायची सही?”

“थांब जरा,” तो कुजबुजला. “त्यांचं छप्पर आपल्या हद्दीत आलंय.”

आलं होतं खरं. निपकाम्पांच्या गाडीचं कापडी छप्पर चौदा क्रमांकाच्या कार्पेटवर चौदा सेंटिमीटर आलं होतं. फोल्कमारनं टेप लावून ते सिद्ध केलं. निपकाम्प म्हणाले की हद्द कार्पेटच्या कडेनं धरायची नसून पाटीच्या खांबापासून धरायची असते. हे सगळं अर्थातच कुजबुजत चाललं होतं, कारण तीन वाजायचे होते. शेवटी फोल्कमारनं शोभेच्या प्लास्टिक झुडपांच्या आठ कुंड्या उचलून कडेला ओळीनं मांडल्या. निपकाम्पांनी आपल्या बाजूला सात मांडल्या. गेझिनानं हातातल्या पिशवीतून लाल टोपीचा, दाढीवाला, बागेत शोभेला ठेवतात तसला चिनीमातीचा बुटका काढून दारापाशी उभा केला.

“प्रदर्शनाला बुटका घेऊन आलात?” हायड्रूनला राहवेना.

“मग काय त्याला दिवसभर घरी एकटा ठेवू?” गेझिना म्हणाली.

हे पाहून तेरा क्रमांकातल्या श्रीमती त्सुमब्रिंक, ज्या वस्तुतः आपल्या दमलेल्या डॅक्सहुंड कुत्र्याला पाच मिनिटं टेकवायला तिथं शिरल्या होत्या, त्याही कुंड्या लावू लागल्या. सोळा क्रमांकात अग्निशमन दलातलं एक निवृत्त जोडपं होतं. त्यांनी कुंपण तर घातलंच, वर वाळूची बादली टांगली. आता गाडी पाहायला येणाऱ्यांना कुंडीबाहेर थांबून, काय काम आहे ते सांगावं लागत होतं. “गाडी बघायचीय” हे कारण पुरेसं धरलं जात नव्हतं.

ल्यूडर्सनं अखेर हॉलच्या पर्यवेक्षकाला बोलावून आणलं. पर्यवेक्षक गळ्यात ओळखपत्र आणि काखेत फाइल घेऊन आला. त्यानं कुंपणाबाहेर उभं राहून परवानगी मागितली आणि मगच आत आला.

“तुम्हाला इथून उठावं लागेल,” तो म्हणाला.

“कोणत्या कलमाखाली?” फोल्कमारनं विचारलं.

पर्यवेक्षकानं फाइल चाळली. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, “हे बघा. तुम्ही एकेकटे अभ्यागत असाल तर मी तुम्हाला तोंडी सांगून उठवू शकतो. मंडळ असाल तर तसं करता येत नाही. मंडळाला लेखी कळवावं लागतं. चौदा दिवसांची मुदत देऊन.”

“आणि प्रदर्शन किती दिवस आहे?”

“दहा.”

कुंपणाच्या दोन्ही बाजूंना शांतता पसरली. या वेळी ती दुपारची नव्हती. फोल्कमार आणि निपकाम्प यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि चौदा सेंटिमीटरचं वैर त्या क्षणी संपलं.

“मंडळ,” निपकाम्प म्हणाले.

“मंडळ,” फोल्कमार म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते.

नोंदणीला सात माणसं लागतात, हे आपल्याकडे शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असतं. ‘सातवा हॉल कायम निवासी मंडळ (नियोजित)’ची घटना निपकाम्पांनी एका माहितीपत्रकाच्या मागच्या कोऱ्या पानावर वीस मिनिटांत लिहून काढली. मग माणसं मोजली. स्वतः फोल्कमार, निपकाम्प पतिपत्नी, श्रीमती त्सुमब्रिंक, अग्निशमनवाले दोघं. सहा झाली. ल्यूडर्स सातवा व्हायला घाबरत घाबरत तयार होता, निदान मंडळात राहून काही सांगता तरी येईल म्हणून. पण तो व्यावसायिक घटक असल्यानं त्याचा अर्ज एकमतानं फेटाळण्यात आला. मग सगळ्यांच्या नजरा गाडीच्या पायरीवर बसलेल्या हायड्रूनकडे वळल्या.

“हायड्रून, जरा एक सही दे गं,” फोल्कमार पेन पुढे करत म्हणाला.

हायड्रूनला आधी हसू आलं, मग रडू आलं, आणि मग तिच्या अंगात अठरा वर्षांचा राग एकदम उभा राहिला. सहीसाठीच आली होती ना ती! फक्त कागद दुसरा होता.

“देते,” ती म्हणाली. “आधी तू गाडीच्या कागदावर कर.”

फोल्कमार घुटमळला. “अगं, पण गाडी घेतली तर ती इथून न्यावी लागेल. घटनेचं चौथं कलम बघ. ‘सभासदाने आपली गाडी प्लॉटवरून हलविल्यास त्याचे सभासदत्व आपोआप धोक्यात येईल.’”

“हे कलम कुणी घातलं?”

“मीच सुचवलं.”

“म्हणजे अठरा वर्षं पलंग आखूड होता म्हणून घेतली नाही, आणि आता बरोबर आहे म्हणून घ्यायची नाही?”

“अगदी तसं नाही…”

“बरं. मग मंडळ सहा जणांचंच राहू दे. पर्यवेक्षकसाहेब, उठवा यांना तोंडी.”

पर्यवेक्षकानं फाइल मिटली. निपकाम्प घाईघाईनं फोल्कमारच्या कानाशी लागले. “करून टाका हो सही. मंडळ एकदा झालं की गाडी हलवू द्यायची की नाही ते आपल्याच हातात आहे.” हे ते कुजबुजले खरे, पण सातवा हॉल इतका शांत होता की हायड्रूनला शब्दन् शब्द ऐकू आला. बँकेतलं खातं दोघांच्या नावावर असल्यानं गाडीच्या कागदावर दोघांच्या सह्या लागत होत्या. नवऱ्यानं सही केली, बायकोनं केली. मग बायकोनं घटनेवरही केली. ल्यूडर्सनं किल्ली हायड्रूनच्या हातात ठेवली. प्रदर्शनातली गाडी प्रदर्शन संपण्याआधी द्यायची नसते, पण तो म्हणाला, “बाई, तुम्ही ही न्या. आजच न्या. शक्य झालं तर यांनाही न्या.”

पहिल्या सभेत श्री. ड्रेविट्झ यांची अध्यक्षपदी निवड झाली. निपकाम्प उपाध्यक्ष, त्सुमब्रिंकबाई चिटणीस. हायड्रूननं गाडी बाहेर नेण्याची परवानगी मागितली. अध्यक्षांनी ती लेखी मागायला सांगितली. तिनं लिहून दिली. चिटणिसांनी अर्ज आयत्या वेळच्या विषयांत घेतला आणि आयत्या वेळचे विषय पुढच्या सभेत घ्यायचं ठरलं.

“कारण काय लिहिलंयस?” फोल्कमारनं अर्ज वाचत विचारलं. “‘समुद्र पाहणे.’ अगं, समुद्र कुठं पळून जातोय? प्लॉट हातचा जाईल.”

“फोल्कमार, मी निघालेय. तू येतोस?”

तो कार्पेटवर घडीच्या खुर्चीत बसला होता. टेबल गाडीतून बाहेर आणलं होतं, त्यावर इतिवृत्ताची वही होती. त्यानं तिच्याकडे पाहिलं, आणि घटकाभर तिला वाटलं, उठेल. त्याचे हात खुर्चीवर टेकलेसुद्धा.

“पाच मिनिटं थांब,” तो म्हणाला. “एवढं इतिवृत्त मंजूर होऊ दे.”

ती स्टिअरिंगशी जाऊन बसली. घड्याळात तीनला सहा कमी होते. पाच मिनिटं झाली. इतिवृत्तातल्या एका स्वल्पविरामावर निपकाम्पांनी हरकत घेतली होती.  बाजूच्या खिडकीतून तिला नवऱ्याची टकली, वाकलेली, सुखी मान दिसत होती. इतक्या वर्षांनी तो इतका सुखी होता की त्याच्यावर धड रागावताही येईना. किल्ली तिच्या मुठीत होती, तरी ती आणखी एक मिनिट थांबली. तीन वाजल्याशिवाय इंजिन सुरू करायचं नसतं.

तीनच्या ठोक्याला तिनं इंजिन सुरू केलं. अध्यक्ष उठले आणि त्यांनी स्वतःच्या हातानं तीन कुंड्या बाजूला केल्या. गाडी गेल्यावर त्या जागच्या जागी लावल्या आणि वहीत नोंद केली: ‘प्लॉट क्रमांक चौदामधील गाडी सभासदाने विनापरवाना हलविली. प्लॉट अबाधित.’

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हायड्रून डेन्मार्कच्या पश्चिम किनाऱ्यावर पोचली. वाळूच्या टेकाडापलीकडे गाड्यांसाठी मोकळी जागा होती. ना कुंपण, ना पाटी, ना तळाचं कार्यालय. सकाळी तिनं कॉफी केली, मागची दोन्ही दारं सताड उघडली आणि उशीला टेकून बसली. पायांपलीकडे समुद्र होता. वारा इतका बोचरा होता की डोळ्यांतून पाणी येत होतं. त्यातलं वाऱ्याचं किती आणि तिचं किती हे तिलाही सांगता आलं नसतं. चित्रात वारा दाखवला नव्हता, तरी चित्र खरं निघालं. तिला कुणी हाक मारत नव्हतं.

हाक एवढी फोनवरून यायची. फोल्कमार रोज संध्याकाळी मंडळाची खबर द्यायचा.

“प्रतीक्षा यादीत बेचाळीस जण आहेत, माहितीये? आणि आता या हॉलमध्ये होड्यांचं प्रदर्शन भरायचंय म्हणे. आम्ही हरकत घेतलीय. होड्यांनी तीन मीटर अंतर सोडायचं आणि शिडं कुंपणाच्या वर न्यायची नाहीत.”

“जेवलास का?”

“त्सुमब्रिंकबाईंनी डाळीचं सूप केलंय. बरं, तू सर्वसाधारण सभेला येतेयस ना? गणपूर्तीला सात लागतात.”

“माझं सभासदत्व धोक्यात आलंय ना?”

“आलंय. पण ते रद्द करायलाही सभा लागते, आणि सभेला सात लागतात.”

फोन ठेवला की ती एकटीच खदखदून हसायची. वेडी माणसं, ती स्वतःशी म्हणायची. आपण सुटलो. आणि समुद्राकडे पाहत बसायची.

असे आठ दिवस गेले. दिवसागणिक किनाऱ्यावर एखादी गाडी येत होती, कुणी कुणाला विचारत नव्हतं, आणि हायड्रूनला ते फार आवडत होतं. नवव्या दिवशी दुपारी ती कॉफी घेऊन टेकली असताना एक हिरवी डच गाडी आली आणि अगदी तिच्या शेजारी थांबली. तिच्यातून एक हसरं जोडपं उतरलं. बाईनं हात हलवला. पुरुषानं दारात रेडिओ ठेवला आणि लावला. गाणं वाईट नव्हतं.

हायड्रूननं घड्याळ पाहिलं. एक वाजून दहा मिनिटं.

तिनं दुर्लक्ष केलं. कॉफीचा घोट घेतला. पुन्हा समुद्राकडे पाहिलं, पण आता समुद्राच्या डाव्या कोपऱ्यात हिरव्या गाडीचा आरसा दिसत होता. पूर्वी तिथं आरसा नव्हता. ती पाच मिनिटं तशीच बसली. मग उठून तिनं चमचा ठेवायला खण उघडला आणि चमच्यांशेजारी फोल्कमारची टेप सापडली.

उगाच, बघावं म्हणून, ती सपाता घालून खाली उतरली. दोन मीटर ऐंशी. तिनं पुन्हा मोजलं. दोन मीटर ऐंशीच. माणसांना काहीच कसं वाटत नाही, ती मनात म्हणाली. कुणालाच कसं काही पडलेलं नाही. ती सरळ उभी राहिली आणि टेप हातात तशीच धरून तिनं किनारा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नजरेनं मोजला. डच गाडी धरून सहा गाड्या. आपली धरून सात.

मग ती आत जाऊन एक कोरा कागद घेऊन आली, केस नीट केले आणि हिरव्या गाडीच्या दारावर टकटक केली.

“माफ करा,” ती अगदी गोड आवाजात म्हणाली, “तुमचं एक मिनिट घेऊ? काही विशेष नाही. फक्त एक सही हवी होती.”